आधी हिरवा

आप्पा म्हणायचे, आधी हिरवा घाल, खाकी मागाहून.
हिरवा चिखलानं माखला तरी माणसं उठून जागा देतात.
खाकी कितीही धुऊन घाल,
भजीवाला न विचारता पुडी बांधतो
आणि मनातल्या मनात शिवी देतो.
तिकडे दम धरायला शीक, म्हणायचे, मग ये.
इकडे नुसता भरायला शिकवतात.

नायगावची पोलीस चाळ, दुसरा मजला, एकशे साठ फूट.
कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं
माझं आयुष्य मांडून ठेवलेलं:
अठराव्या वर्षी भरती, पंधरा वर्षं पलटण,
पेन्शन, मग पोलिसात माजी सैनिकाची जागा.
वयाची सवलत, खाली दोन रेघा.
ते अठ्ठावन्नचे होतील तेव्हा मी तेहेतीसचा,
म्हणजे खोली हातची जात नाही.

गेलो. बर्फात उभ्या उभ्या झोपायला शिकलो,
काळोखात रायफल खोलून जोडायला,
घोंगडीची अशी घडी घालायला की कडेनं बोट कापावं,
आणि प्रश्न न विचारायला.

मग पोलीस भरती दोन वर्षं निघालीच नाही.
पेन्सिलीच्या हिशेबात तेवढं धरलं नव्हतं.
आप्पांनी खोलीची किल्ली जमा केली, पावती घेतली
आणि दिव्याला भाड्यानं राहायला गेले.
कॅलेंडर नेलं की नाही, मी विचारलं नाही.

मैदानावर सोळाशे मीटर धावलो
एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर.
पुढे गेलेला एक जण वळून म्हणाला,
काका, श्वास नाकानं घ्या.

काळाचौकी. रात्रपाळी. पहिलाच महिना.
शालिनी पडेलकर नावाच्या बाई आल्या,
टेबलावर बल्बची चार रिकामी खोकी मांडली.
जिन्यावरचा बल्ब गेला साहेब, चौथ्यांदा.
मी म्हणालो, बाई, अंधाराची सवय होते हळूहळू.
त्या म्हणाल्या, तुम्हाला झाली असेल.
माझी पोर रात्री दहाला क्लासहून येते.
जिन्यात कोण उभं आहे, ते तिला दिसायला नको?

इतक्या वर्षांत अंधार मला कुणी असा समजावला नव्हता.

पाचवा बल्ब त्यांनी लावला.
तीन रात्री मी वरच्या पायरीवर बसून राहिलो, बूट काढून.
एवढं मला येत होतं.
चौथ्या रात्री कुणीतरी टाचा उंचावून बल्ब फिरवला,
काळोख झाला
आणि माझा हात त्याच्या मानेवर गेला,
शिकवल्यासारखा, मला न विचारता.
बल्ब पडून फुटला.
बोटांखाली शीर उडत होती. नुकतं मिसरूड. तोंडाला चिंगमचा वास.
काका, म्हणाला, सोडा ना, काका.

पलटणीत याच्यापुढचं सोपं होतं.
इथे याच्यापुढे नाव विचारायचं,
वय, पत्ता, बापाचं नाव.
अठरा भरले नव्हते, म्हणजे कागद आणखी वेगळे.
पोरीची आई समोर, पोराची आई समोर,
दोघी एकाच नळावर पाणी भरणाऱ्या.
स्टेशन डायरीत मी जिना दीर्घ लिहिला.
ठाणे अंमलदारानं काही न बोलता ऱ्हस्व केला.

पहाटे आप्पांना फोन लावला.
हात उचललास?
उचलला होता. थांबवला.
बराच वेळ नुसता त्यांचा श्वास.
मला वाटलं, आता म्हणतील, बघ, सांगितलं नव्हतं?
म्हणाले, बल्ब लावला का कुणी?
मी लावला, म्हटलं. नऊ वॉटचा.
बारा लावायचा रे, म्हणाले.
जुने जिने खोल असतात.